मधला आवाज धर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, असलेल्या जॅझच्या १४७ रेकॉर्ड. वर्ष, कंपनी, गाणारे किती, ऐकून झाली की नाही, आणि शेवटच्या रकान्यात तुझे तारे. त्याखाली तीन ओळींचा प्रश्न: "मावशी, चार महिने ऐकतोय. आता सगळं सारखंच वाटायला लागलंय. मागे बरीच माणसं 'आ' करतात, पुढे एक जण वाजवतो. आमच्यातला एक म्हणतो, क्वायर आला की जॅझ संपला. माझंच काही चुकतंय का?"

हो, चुकतंय. कान चांगला आहे तुझा, तू सात वर्षांचा असताना तालमीला येऊन बसायचास तेव्हापासून मला माहीत आहे. चुकतंय ते ऐकण्यात. तू वरचा आवाज ऐकतोस. सगळेच वरचा ऐकतात. मधला आवाज धर. या पत्रात मला एवढंच सांगायचं आहे. पण तेवढ्याने तुला पटणार नाही, म्हणून लांबण लावते.

आधी तुझ्या मित्राचं. लुई आर्मस्ट्राँगने १९५८ मध्ये साय ऑलिव्हरच्या क्वायरबरोबर अख्खी एलपी केली. तो जॅझ नव्हे, असं त्या मुलाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू दे. त्याला वाटतं, उपज म्हणजे जॅझ, आणि क्वायर तर कागदावर लिहिलेलं गातो. अरे, पण उपज करणाऱ्याला पायाखाली काहीतरी लागतंच ना? पोवाड्यात शाहीर मोकळा सुटतो, कारण मागे झीलकरी उभे असतात. फरक एवढाच की आपले झीलकरी एका सुरात झील धरतात, आणि या रेकॉर्डमध्ये ती झील चार पदरांत फाटते. ते पदर तुला ऐकू येत नाहीत, म्हणून तुला सगळं सारखं वाटतं.

आता माझं ऐक. नगरला आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी आल्टो म्हणायचे, बायकांचा खालचा आवाज. वयाच्या चौदाव्या वर्षापासून. चाल असते सोप्रानोकडे, बायकांच्या वरच्या आवाजाकडे. लोक घरी जाताना गुणगुणतात ती सोप्रानोची ओळ. टेनर, पुरुषांचा वरचा आवाज, कधीतरी उंच जाऊन भाव खातो, बास, त्यांचा खालचा, नुसता उभा राहिला तरी लोक वळून बघतात. आल्टोला काय? एकच सूर, पाच-पाच, सहा-सहा मात्रा. मग अर्ध्या सुराने खाली. मग पुन्हा तिथेच. घरी मी माझी ओळ म्हणून दाखवली की आई विचारायची, "हे कुठलं गाणं?" 'उपासना संगीत'मधलं तिच्या पाठ असलेलं गाणं, आणि माझ्या तोंडून ते तिला ओळखू येत नसे. मला फार कमीपणा वाटायचा.

आम्हाला बसवणाऱ्या बाई कडक होत्या. पेटीवर तीन सूर एकदम दाबायच्या. सा, ग, प. "कसं वाटतं?" आम्ही म्हणायचो, छान. मग सा आणि प तसेच दाबून ठेवून मधलं बोट एक पट्टी खाली. कोमल गंधार. "आता?" खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं व्हायचं. "कोण हललं? सोप्रानो हलली? बास हलला? आल्टो हलली. एक बोटभर." हे त्यांनी मला निदान वीस वेळा दाखवलं असेल. मला ते कळत होतं, पण मान्य नव्हतं. मला चाल हवी होती.

एकोणिसाव्या वर्षी मी क्वायर सोडला आणि मुंबईला गेले, एकटीने गायला. दोन-तीन बँडमधून गायले. काही झालं नाही. आवाज बरा होता, बऱ्या आवाजांची मुंबईत तेव्हाही कमी नव्हती. १९७८ मध्ये रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तेव्हा मी श्रोत्यांत होते, मंचाच्या आसपासही नव्हते. माझ्याबरोबरचा व्हायोलिन वाजवणारा गोव्याचा होता, त्यांच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेजो, म्हणजे सूर वाचून म्हणणं, घोटून घेतलेला. तो मला एकदा सहज म्हणाला, "तू चालीबाहेरचं काही ऐकतच नाहीस." मी चिडले. दोन महिने त्याच्याशी बोलले नाही.

त्याच माणसाच्या खोलीवर पुढच्या वर्षी मी ट्रंपेट वाजवणाऱ्या डोनाल्ड बर्डची 'अ न्यू पर्स्पेक्टिव्ह' ऐकली. तुझ्या यादीत ती २३ नंबरला आहे, साडेतीन तारे. ती एकदाच ऐकलीस ना? साडेतीन ताऱ्यांवरूनच कळतं.

१२ जानेवारी १९६३. न्यू जर्सीतला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, उंच लाकडी छत, आत शिरलं की प्रार्थनागृहात आल्यासारखं वाटावं असा. सात वाजवणारे, आठ गाणारे. पियानोवर बाविशीतला हर्बी हॅनकॉक, गिटारवर केनी बरेल, टेनर सॅक्सोफोन हँक मोबली. बर्ड डेट्रॉइटचा, वडील मेथडिस्ट पाळक. लहानपणी देवळात ऐकलेल्या गाण्यांच्या वळणाची पूर्ण एक रेकॉर्ड करावी, हे त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. त्यातलं 'क्रिस्तो रेदेन्तोर' ड्यूक पीअरसनने रचलं, तो ब्राझीलला जाऊन आला होता, रिओच्या डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याचं ते नाव. त्या आठ आवाजांना शब्द नाहीत. एकही नाही.

शब्द नसले की लपायला जागा उरत नाही. शब्द असले तर तू अर्थाच्या मागे जातोस, चाल लक्षात ठेवतोस आणि क्वायर ऐकला असं समजतोस. इथे फक्त सूर आहेत आणि ते फार सावकाश सरकतात. त्या खोलीत पंखा बंद केला होता, सुईची खरखर नको म्हणून नव्हे, पंख्याच्याच आवाजाने मधले सूर झाकले जात होते म्हणून. मी सतरंजीवर बसले होते. वरची ओळ माझ्या कानातून निघून गेली, ट्रंपेट यायचा होता तो आला, आणि मला एकदम माझी जागा ऐकू आली. तो आवाज जिथे थांबला होता तिथे मी पाच वर्षं थांबले होते. तो कधी सरकणार, किती सरकणार, हे मला आधीच माहीत होतं. मी तोंड मिटून त्याच्याबरोबर म्हणत होते.

बाई तेव्हा हयात नव्हत्या. त्यांना सांगायचं राहून गेलं.

म्हणून तुला बजावते, मधला आवाज धर. कसा, ते सांगते. 'क्रिस्तो रेदेन्तोर' लाव. आवाज कमी ठेव, मोठ्या आवाजात वरचेच सूर अंगावर येतात. क्वायरचा पहिला मेळ, म्हणजे एकदम लागलेले सूर, आला की थांबव. सगळ्यात वरचा सूर गुणगुण. आता त्याच्या खालचा शोध. मिळणार नाही. पुन्हा लाव, पुन्हा थांबव. मिळाला की तो सूर तोंड मिटून धरून ठेव आणि गाणं चालू कर. तू धरलेल्या सुराला पुढचा मेळ कुठे टोचतो ते बघ. जिथे टोचेल तिथे तो आवाज हललेला आहे. एकेक हालचाल पकडत पुढे जा. पाचसहा मिनिटांचं गाणं आहे, तुला आठवडा लागेल. लागू दे. त्या आठवड्यात यादी उघडायची नाही.

तू म्हणशील, मावशी, तोवर बाकीच्या १४६ चं काय? त्या कुठे पळून जात नाहीत. आम्ही एका रेकॉर्डसाठी काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये महिनामहिना चकरा मारायचो, आणि तुझ्या खिशात सगळं आहे. त्याचा मला हेवा वाटत नाही, राग येतो. कारण तू चाखतोस आणि पुढे सरकतोस. तारे देतोस!

बरं. ती ओळ हाताला लागली की मग पाकिटाच्या मागची नावं वाच. क्वायर बसवणारा कोण? कोलरिज-टेलर पर्किन्सन. आता तुझ्याच यादीत वर जा: ड्रमर मॅक्स रोच, 'इट्स टाइम', १९६२, सोळा आवाज. तो क्वायर कोणी बसवला? त्यानेच. वर्षभराच्या आत एकाच माणसाने दोन क्वायर उभे केले आणि दोन्हींचं एकमेकांशी काही नातं नाही. रोचच्या रेकॉर्डमध्ये गायक सुखाने टेकून बसतच नाहीत. ड्रम खालून ढकलतात आणि आवाज एकमेकांवर घासतात, कर्कश होतात, पितळी वाद्यांसारखे तुटतात. तुला ती आवडणार नाही. तू तिला दोन तारे दिलेत आणि समोर लिहिलंस, "गोंधळ". त्या गोंधळात टेनर धर आणि मग मला सांग. अमेरिकेतली ती वर्षं आठव, काळी माणसं रस्त्यावर उतरली होती, आणि रेकॉर्डचं नावच आहे 'वेळ झाली'. गोड गाऊन कसं चालेल?

पर्किन्सन मूळचा शास्त्रोक्त पाश्चात्त्य संगीतातला रचनाकार. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला 'सिंफनी ऑफ द न्यू वर्ल्ड' हा वाद्यवृंद उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत तो होता. रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला त्याचा फोटो नाही. पुढे बर्ड आहे आणि त्याच्यासमोर जॅग्वार गाडी. मी कित्येक वर्षं ते पाकीट हाताळलं आणि मागचं नाव वाचलं नाही. मला लाज वाटते त्याची. मधला आवाज धर म्हणते तेव्हा तो माणूसही त्यात आला.

अजून एक गोष्ट सांगते, ती पोरांना नेहमी सांगायचे. १९५७. डेव्ह लँबर्ट आणि जॉन हेंड्रिक्स या गायकांनी ठरवलं, काउंट बेसीच्या बँडचे सगळे तुकडे गळ्याने गायचे. सॅक्सोफोनची रांग, ट्रंपेटची रांग, सगळ्यांना शब्द. व्यावसायिक गायकांचा जथा बोलावला. गायिका ॲनी रॉसला त्यांना बेसीचा झोका, म्हणजे स्विंग, शिकवायला आणलं. गायक वाचण्यात पक्के, सुरात पक्के, पण झोका येईना. पैसे संपत आले. शेवटी त्या तिघांनीच एका आवाजावर दुसरा चढवत सगळ्या ओळी गायल्या, आणि 'सिंग अ साँग ऑफ बेसी' झाली. ही गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. माझ्या लेखी ती मधल्या ओळींची आहे. चालीला झोका देणं कुणालाही जमतं. तिसऱ्या सॅक्सोफोनच्या ओळीत चाल नाही, सूर दोन-तीनच, तरीही ती झुलली पाहिजे, कारण ती अडखळली की अख्खी रांग लंगडते. त्या तिघांना ते माहीत होतं. ऐकताना तिसरी ओळ शोध. मिळाली की तुझा पाय आपोआप हलायला लागेल.

आता जे सांगणार आहे ते तुझ्या बाबांनी तुला वेगळं सांगितलं असेल.

१९९६ मध्ये आमच्या क्वायरने कॅसेट केली. अकरा जण. प्रत्येकाने दोन-दोन हजार घातले होते. स्टुडिओचं नाव लिहीत नाही. मेळवलेली टेप ऐकायला मी गेले तर आल्टो आणि टेनर जवळजवळ नाहीतच. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मॅडम, मधले आवाज सगळं गढूळ करतात, मी थोडे मागे ढकललेत. आता बघा कसं स्वच्छ वाटतंय." स्वच्छ! वर चाल, खाली बास आणि मध्ये पोकळी. मी म्हटलं, पुन्हा मेळवा. तो म्हणाला, जादा पैसे. पैसे नव्हते. मी म्हटलं, मग ही निघणार नाही. आणि नाही निघाली.

तुझे बाबा म्हणाले, "ताई, लोकांना फरक कळणार नाही, निघू दे." ते बास म्हणायचे, आणि बास ऐकू येत होता ना, म्हणून असं म्हणवलं. हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर बोलले. तीन महिन्यांत क्वायर फुटला. सगळ्यांचे पैसे मी शिकवण्या घेऊन परत केले, दोन वर्षं लागली. मी बरोबर होते. आजही तीच टेप समोर आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. ज्या गाण्यातून मधला आवाज काढलाय ते आमचं गाणं नव्हतं, आणि आमचं नसलेलं आमच्या नावाने विकायचं नाही, यात मला काही चूक दिसत नाही.

फक्त एक. आमच्यात एक वयस्क गृहस्थ होते, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना ती कॅसेट नातीला ऐकवायची होती. दर तालमीला विचारायचे, कधी येणार? त्यांना काय ठरलं ते मी स्वतः सांगायला गेले नाही, निरोप पाठवला. ते टेनर होते. पैसे परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी चहा दिला आणि कॅसेटबद्दल चकार शब्द काढला नाही.

असो. पुढे.

पियानोवादक मेरी लू विल्यम्सची 'ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज' यादीत नाही, घाल. लिमाचे मार्टिन दे पोरेस हे १९६२ मध्ये संत घोषित झाले, वडील स्पॅनिश आणि आई गुलामीतून सुटलेली काळी स्त्री. त्यांच्यावर मेरी लूने त्याच वर्षी हे स्तोत्र रचलं. ती मोठ्या बँडांसाठी लिहिणारी बाई. १९५४ मध्ये पॅरिसला वाजवता वाजवता उठली आणि काही वर्षं पियानोला शिवली नाही. परत आली, आणि पुढे हे लिहिलं. बराच वेळ नुसते आवाज आहेत, आणि ते मेळ असे वळतात की आल्टो म्हणून मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढचा सूर मला ओळखताच आला नाही. एकदाही नाही. चाळीस वर्षांच्या सवयीनंतर! पियानो येईपर्यंत थांब, घाई करू नकोस.

ड्यूक एलिंग्टन तुझ्याकडे आहेच. १६ सप्टेंबर १९६५, सॅन फ्रान्सिस्कोचं ग्रेस कॅथीड्रल, त्याचा पहिला पवित्र संगीताचा कार्यक्रम. त्याच कॅथीड्रलमध्ये चार महिने आधी, मे महिन्यात, पियानोवादक विन्स ग्वाराल्डीने जॅझ वाजवत उपासना केली होती, एका चर्चच्या ६८ हौशी आवाजांबरोबर. मला एलिंग्टनपेक्षा ते ६८ जवळचे वाटतात. कधी सूर किंचित ढळतो, कुणी श्वास लवकर घेतं. तसे श्वास मला ओळखीचे आहेत.

ॲलिस कोल्ट्रेनला तू "इंडियन टाइप" असं लिहिलंस. हे काय लिहिणं झालं? डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत मोठी झालेली मुलगी, पुढे कॅलिफोर्नियात आश्रम काढते आणि तिथली माणसं संस्कृत भजनं गॉस्पेलच्या, काळ्यांच्या चर्चगीतांच्या, जोशात म्हणतात. सांगणारी पुढे, झेलणारे मागे. त्या कॅसेट आश्रमापुरत्याच असायच्या, निवडक संकलन २०१७ मध्ये बाहेर आलं. तुझी आजी भजनी मंडळात टाळ धरायची. तिला हे ऐकवलं असतं तर तिने टाळ मागितले असते. तू मात्र दोन शब्द लिहून मोकळा झालास.

आणि शेवटी तुझी लाडकी रेकॉर्ड, जिच्यामुळे हे खूळ लागलं. कमासी वॉशिंग्टनची 'द एपिक', २०१५. तीन डिस्क, जवळजवळ तीन तास, वीस जणांचा क्वायर, ३२ जणांचा वाद्यवृंद. तू लिहिलंस, "अंगावर काटा आला होता पहिल्यांदा, आता येत नाही." अरे, लाट पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा काटा येतोच. वीस माणसं एकदम 'आ' म्हणाली की कुणालाही येईल. त्यांच्यातली एक बाई निवड. वरची नको. तिला काय काम दिलंय, ती कुठे थांबते, सॅक्सोफोन किंचाळत असताना ती काय करते, ते ऐक. काटा परत येतो की नाही हे मी सांगत नाही. मला तो महत्त्वाचाही वाटत नाही.

बर्डपासून सुरू कर. आठच आवाज आहेत, सापडतील.

बाबांना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, बासची जागा अजून रिकामी आहे, आणि मी अजून त्याच मताची आहे. दोन्ही सांग.

पुढच्या रविवारी दुपारी चारनंतर फोन कर. काय ऐकलंस, काय वाटलं, ते नको. 'क्रिस्तो रेदेन्तोर'चा आल्टो तोंड मिटून म्हण, जिथपर्यंत मिळाला असेल तिथपर्यंत. मी वरची ओळ धरते. आता माझा आवाज तिथवर जात नाही, एक सप्तक खालून म्हणेन.

तुझी,
मावशी